चांगुणाबाय थांबली

थळच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा खोलीसाठी मी बरीच फिरले. एका घरी सगळं ठरलं, मी आडनाव सांगितलं आणि मालकांना एकदम आठवलं की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. दुसऱ्या घरी भाची येणार होती. आम्ही बौद्ध. असे अचानक येणारे भाचे-भाच्या आमच्या माणसांना नवीन नाहीत.

तिसरं घर चांगुणाबायचं. कोळीवाड्याच्या तोंडाशी दुमजली घर. खाली ती, मुलगा हरेश आणि सून प्रतिभा, वर गच्चीला लागून एक खोली. चांगुणाबाय ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. मी नाव, आडनाव, गाव, सगळं एका दमात सांगून टाकलं. नकार यायचाच असेल तर लवकर येऊ दे.

"आडनाव कशाला सांगतेस?" ती मान वर न करता म्हणाली. "मी काय तुझ्या घरा पोरगी मागाया आलेय? पानी सकालचं येतं. सुक्या मासलीचा वास सोसंल का ते सांग."

"सोसेन."

"मंग बसलीस कशाला? चावी घे, खोली झाड."

मी अजून बसलेही नव्हते. पण तिची घाई अशी दुसऱ्याच्याही पुढे धावायची. अलिबागची मिनीडोर रिक्षा पुरती उभी राहायच्या आत ही खाली उतरलेली असायची. चहाला उकळी फुटायची वाट तिने आयुष्यात कधी बघितली नसेल. आपण एखादं वाक्य सुरू केलं की ती ते पुरं करायची, आणि बहुतेक वेळा चुकीचं. "शाळेत आज साहेब..." एवढं मी म्हटलं की ती म्हणे, "मेले?" तपासणीला आले होते, असं सांगेपर्यंत ती हळहळून मोकळी झालेली असायची.

ती पहाटे किनाऱ्यावर बोटीचा माल उचलायची आणि अलिबागच्या मासळीबाजारात जाऊन बसायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून हेच. आवाज असा की बाजाराच्या दाराशीच कळावं, आज चांगुणाबाय आली आहे. शिळं ताजं म्हणून विकायची नाही. सरळ सांगायची, "कालचं हाय. तलून खा, कालवन नको करूस." गिऱ्हाईक बिचकलं तर तिला त्याचाच राग यायचा. "खरं सांगितलं तर पलतेस? जा मंग, खोटं बोलनारी हाय ना बाजूला, तिच्याकडनं घे!"

बाजूला म्हणजे येसूबाय. मधे बाजाराचा एक खांब, त्याच्या अल्याड ही, पल्याड ती. दोघी एकाच वाड्यातल्या, एकेकाळच्या जिवाभावाच्या. चांगुणाबायच्या मुलीच्या, वैशालीच्या लग्नाचं आमंत्रण येसूबायला मिनीडोरवाल्याच्या हाती गेलं. घाईघाईत हिला स्वतः जायला जमलं नाही. येसूबाय लग्नाला आली नाही. तेव्हापासून दोघी रोज शेजारी शेजारी बसत, आणि बोलत नसत. काही कळवायचंच झालं तर गिऱ्हाइकामार्फत. "तिला सांग, तिची पाटी माझ्या अंगावर येतेय."

अशा बाईने काही महिने रक्त पडतंय हे कुणाला सांगितलं नाही.

मूळव्याध, असं तिने स्वतःचं ठरवून टाकलं होतं. रेवसच्या एका माणसाकडून कसली तरी मुळी आणून ती उगाळून प्यायची. बाजारातून मधेच उठायला लागली. जेवण कमी झालं. विचारलं की म्हणे, "उष्नता हाय." प्रतिभाने कपडे धुताना पाहिलं आणि वर माझ्याकडे आली. प्रतिभा म्हणजे सासूपुढे कधी आवाज न काढणारी मुलगी. ती खूप रडली. मग डोळे पुसून खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दारात आडवी उभी राहिली. जिन्यावरून मला सगळं दिसत होतं. चांगुणाबायच्या डोक्यावर रिकामी पाटी, आणि समोर सून.

"सर बाजूला. बोट लागली असंल."

"आज बोट नाय. आज डॉक्टर."

"तुला कोनी सांगितलं?"

"लुगड्यांनी सांगितलं. मीच धुते ना ती?"

 चांगुणाबायने पाटी खाली ठेवली. मला वाटतं, तिने रक्ताबद्दल कुणाला सांगितलं नाही याचं कारण भीतीपेक्षा लाज हे जास्त होतं. दुखणं जर हाताला किंवा छातीला असतं, तर तिने ते बाजारभर ओरडून सांगितलं असतं.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं, दुर्बीण घातली, तुकडा काढून पाठवला. गुदाशयाचा कर्करोग निघाला, आणि तो बराच वाढलेला. त्या सर्जननी प्रामाणिकपणे सांगितलं की, हे काम मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलचं आहे, तिथे दाखवा. पण हरेशच्या डोक्यात एकच बसलं होतं: गाठ आहे, ती कापून काढायची, आजच्या आज. वाड्यातलेही तेच म्हणत होते. चांगुणाबायला तर कुठल्याच गोष्टीची वाट बघवत नव्हती. एरवी मायलेकांचं कशावर पटायचं नाही, पण यावर पटलं.

नवी मुंबईतल्या हॉस्पिटलात मी बरोबर गेले, कारण कागद वाचायला कुणी तरी हवं होतं. सगळे फोटो, एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी आत बोलावलं. त्या पस्तिशीच्या बाई होत्या, आवाज शांत. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं.

"गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेर आली आहे. शेजारच्या बारीक गाठींतही शिरलेली दिसते. आज कापायला गेलो तर सगळी निघेल याची मला खात्री नाही, आणि थोडी जरी मागे राहिली तरी ती परत वाढेल. शिवाय ती इतकी खाली आहे की, आज काढायची तर संडासची वाट कायमची पोटावर काढावी लागेल. म्हणून आधी किरणं द्यायची, बरोबर गोळ्या. मग सलाइनमधून औषध, म्हणजे केमो. गाठ आकसली की ऑपरेशन."

चांगुणाबायने पहिल्यांदाच कुणाचं बोलणं मधे तोडलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजे आता मी कापायच्यापन लायकीची ऱ्हायली न्हाय?"

हरेशने मान खाली घातली. ही शंका त्याच्याही मनात होती, हे तेव्हा कळलं. ज्यांचं काही होण्यासारखं नसतं त्यांनाच औषध देऊन बसवून ठेवतात, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

"उलट आहे, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांना बरं करता येईल असं वाटतं त्यांनाच आम्ही एवढं सगळं करायला लावतो. हे थांबणं नाही. पहिल्या किरणापासून उपचार सुरूच झाले."

"किती महिने?"

"ऑपरेशनपर्यंत सहा-सात."

"तीन करा."

"नाही होणार."

"चार. शेवटचं."

डॉक्टरांना हसू आवरेना. "मावशी, इथे भाव होत नाही."

"बरं. आनि ती पोटावरची पिशवी?"

"ती कायमची लागू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप. पण वचन देत नाही. गाठ किती आकसते त्यावर आहे."

परतताना वडखळला चहाला थांबलो. हरेश गाडीत सगळा वेळ बोलत होता. त्याला कुणी तरी एका दवाखान्याचं नाव दिलं होतं, तिथे आठवड्यात ऑपरेशन करून देतात म्हणे. चांगुणाबायने चहा बशीत ओतला आणि एवढंच म्हणाली, "ती बाय वचन न्हाय देत म्हनली. आठवड्यात करून देतो म्हननाऱ्याकडून मी मासली पन घेनार न्हाय." विषय संपला.

किरणांसाठी महिनाभराच्या वर रोज जायचं होतं, तेव्हा ती उरणला लेकीकडे राहिली. जावई दिनेश न्हावा शेवा बंदरावर ट्रेलर चालवतो. बोलणं अगदी मोजकं. रोज सकाळी पाळी बदलून तो सासूला हॉस्पिटलात न्यायचा.

किरणं घेताना दुखत नाही. चांगुणाबायला त्रास झाला तो पाण्याचा. आधी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते. त्याने आतडी वर सरकतात आणि किरणं नेमकी गाठीवर पडतात. आता जी बाई चहाला उकळी येऊ देत नाही तिने हे कसं धरायचं? वैशाली सांगायची, पहिल्या दिवशी तंत्रज्ञाने दहा मिनिटं थांबा म्हटल्यावर आई त्याला म्हणाली, "तू पी आनि तू थांब." मग तिने युक्ती काढली. बाकावर बसलेल्या सगळ्यांना, म्हणजे आपापलं पाणी धरून बसलेल्या सगळ्यांना, ती मोठमोठ्याने विचारायची: तुझं कुठं हाय? कवापासून हाय? घरात कोन कोन? पेणचा एक गृहस्थ तिथे येत असे. त्याने बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नव्हतं कुठे काय झालंय ते. चांगुणाबायने बाकभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं, "माझं बी तितंच हाय. आपन काय चोरी केली? खाल्लेलं बाहेर पडायला देवानं जागा दिली, ती बिघडली. डोला बिघडतो तशी." पुढच्या आठवड्यात तो गृहस्थ बायकोला घेऊन आला आणि तिला चांगुणाबायच्या शेजारी बसवलं.

जी रक्त लपवत होती ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. बहुधा डॉक्टरांच्या त्या चित्राने काही तरी झालं असावं. आपलं दुखणं कागदावर, उजेडात, कुणी नाक न मुरडता काढून दाखवलं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

शेवटच्या आठवड्यात मात्र ती मोडली. खालची कातडी भाजल्यासारखी झाली, बसवेना, जुलाब थांबेनात, गोळ्यांनी तळहात लाल होऊन सोलायला लागले. एका दुपारी वैशाली अंगणात कपडे वाळत घालत असताना चांगुणाबाय पिशवी घेऊन बाहेर पडली. दिनेशने शोधलं तर ती एसटी स्टँडवर उभी. बसता येत नव्हतं म्हणून खांबाला टेकून. समोर बस उभी होती. दिनेश तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "आई, ही पनवेलची बस हाय."

"मंग थलची कुठली?"

"थळला मी नेतो ना. मशीन संपलं की. थोडंच ऱ्हायलंय."

"तुझा ट्रेलर कुठाय?"

"तो थांबलाय बंदरात."

आपल्यासाठी एवढा मोठा ट्रेलर बंदरात खोळंबलाय हे ऐकून ती ओशाळली, असं वैशाली म्हणते. दिनेशने पिशवी घेतली आणि दोघं चालत घरी आली. उरलेली किरणं तिने पुरी केली. दिनेशने कबूल केल्याप्रमाणे तिला थळला आणलं, आणि जाताना पहिल्यांदाच तिच्या पाया पडला.

मग केमो सुरू झाली. एक दिवस हॉस्पिटलात सलाइन, मग घरी गोळ्या, मग विश्रांती, मग परत सलाइन. मळमळ, थकवा हे सगळं आम्हांला सांगितलेलं होतं. थंड वस्तूला हात लावू नका, हेही सांगितलं होतं; या औषधाने नसा अशा हळव्या होतात की गार पाणीसुद्धा टोचतं. चांगुणाबायने ते ऐकलं आणि तिच्या पद्धतीप्रमाणे पुढे धावली. पहिल्या सलाइननंतर चार दिवस जेमतेम घरात काढले आणि बाजारात जाऊन बसली. शनिवार होता, सकाळची शाळा सुटल्यावर मीही तिथे गेले होते, तिच्यावर नजर ठेवायला. तिने पापलेट काढायला बर्फात हात घातला आणि अशी किंचाळली की बाजार गप्प झाला. विजेच्या तारेला हात लागावा तसा तिने तो मागे ओढला. बोटं वाकडी झाली होती. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. आयुष्यभर ती बोटं बर्फात बुडालेली होती, आणि आता बर्फच त्यांना घेईना. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पाहिलं, एकदाच.

खांबापलीकडून येसूबाय उठली. आपली पाटी तिने पायाने सरकवली, येऊन चांगुणाबायच्या बर्फाशी बसली आणि पापलेट काढून गिऱ्हाइकापुढे धरलं. बोलली काहीच नाही. चांगुणाबाय पण बोलली नाही. तिने पदराने डोळे पुसले, घसा साफ केला आणि भाव सांगितला.

केमोचे सगळे महिने असेच गेले. जेव्हा अंगात त्राण असेल तेव्हा चांगुणाबाय बाजारात यायची, हातमोजे आणि पायमोजे घालून, जवळ कोमट पाण्याची बाटली. हात येसूबायचे, तोंड हिचं. दोन्ही पाट्यांचा माल त्या एकत्रच विकू लागल्या. आणि तरी बोलणं नाहीच. मला वाटायचं, आता तरी बोलतील. एकदा न राहवून मी चांगुणाबायला विचारलं. ती म्हणाली, "बोलू गं. पयला शब्द काय बोलायचा ते सापडत न्हाय." तो शब्द ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सापडला. येसूबाय गाडीपाशी आली होती. चांगुणाबाय काच खाली करून म्हणाली, "वैशालीच्या पोरीचं बारसं तुझ्याशिवाय झालं. आता तिच्या लग्नाला मी स्वतः बोलवाया येईन." वैशालीची पोर तेव्हा चौथीत होती. येसूबाय म्हणाली, "ये. तवर वाट बघते."

ऑपरेशनच्या आधीच्या फोटोत गाठ बरीच आकसलेली दिसली. डॉक्टरांनी हरेशला जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी दाखवला. हरेश बोटीवर काम करणारा राकट माणूस, तो त्या दोन फोटोंपुढे मुलासारखा रडला. "मी घाई केली असती तर," एवढंच म्हणाला. ऑपरेशनला अख्खा दिवस गेला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती, आणि खालची वाट वाचवता आली होती. आतली जोडणी भरून येईपर्यंत पोटावर पिशवी होती, पण तात्पुरती, काही महिन्यांची. पुढे काढलेल्या भागाचा अहवाल आला तेव्हा कळलं की, किरणांनी आणि औषधांनी बहुतेक गाठ आधीच मेली होती. जे थोडं जिवंत होतं ते सुरीने काढलं.

पिशवीकडे तिने पहिले काही दिवस बघितलंच नाही. प्रतिभा नर्सकडून शिकली आणि तीच बदलायची. एक दिवस चांगुणाबाय तिला म्हणाली, "लुगडी तू धुतलीस, आता हे पन तूच? सर, मना दाव." तेव्हापासून स्वतः करू लागली. ताकद आल्यावर पिशवीसकट बाजारातही गेली. पिशवीतून कधी कधी गुडगुड आवाज येई. एक बाई दचकून बघायला लागली, तर चांगुणाबाय म्हणाली, "पोटाला दुसरं तोंड फुटलंय. त्याला बी तुझा भाव पटला न्हाय."

नंतर एका छोट्या ऑपरेशनने पिशवी गेली. त्यानंतरचे काही महिने सोपे नव्हते. जुनी वाट पुन्हा कामाला लागायला वेळ घेते, दिवसातून अनेकदा धावावं लागतं, कधी पोचायला उशीर होतो. या सगळ्याचं ती मला गच्चीवर येऊन इतकं सविस्तर वर्णन करायची की माझा चहा तसाच राहायचा. हे ती बाजारातही बोलायची. मासळीचे वाटे लावता लावता गिऱ्हाईक बायकांना विचारायची, "रक्त पडतं का गं कधी? मूलव्याध म्हनून घरात बसू नको. दाखव. लाजून मेलेली बाय काय देवाला आवडत न्हाय." एकदा एका बँकेतल्या साहेबांना विचारलं, ते बिचारे सुरमई तिथेच टाकून गेले. पण चोंढीची एक बाई खरोखर घाबरून डॉक्टरांकडे गेली. तपासणीत तिला साधी मूळव्याधच निघाली. ती हे सांगायला बाजारात आली तेव्हा चांगुणाबायला काय आनंद झाला! उभ्या बाजारात ती ओरडली, "येसू, ऐकलंस? हिला मूलव्याध हाय!" आणि पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट त्या लाजेने लाल झालेल्या बाईच्या पिशवीत कोंबलं.

तपासण्या चालू आहेत. ठरलेल्या वेळी ती जाते, फोटो होतात, रक्त घेतात. प्रत्येक वेळी निकाल येईपर्यंत घरात कुणी नीट जेवत नाही, आणि प्रत्येक वेळी आजवर तरी चांगलंच आलं आहे. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत आणि तीही आता विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी बदली महाडकडे झाली. सामान टेंपोत भरलं, प्रतिभाने डबा दिला, हरेशने खाट उतरवायला मदत केली. चांगुणाबाय घरी नव्हती. बोट लागली होती. टेंपो किनाऱ्याच्या रस्त्याने निघाला तेव्हा मी ड्रायव्हरला जरा थांबायला सांगितलं.

ओहोटी होती, बोट बरीच आत उभी होती. बाकीच्या बायका वाळूवर पाट्या घेऊन वाट बघत होत्या, होडी माल घेऊन येईल म्हणून. चांगुणाबायने लुगडं वर खोचलं होतं आणि ती एकटीच पाण्यात शिरली होती. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. एक लाट आली तशी ती हेलपाटली, सावरली, आणि पुढे गेली. बोटीपाशी पोचल्यावर एका हाताने तिने बोटीची कड धरली आणि दुसरा हात हलवून बोटीच्या म्होरक्याला, तांडेलाला काही तरी सुनवायला लागली. वारं उलट होतं, मला शब्द ऐकू आले नाहीत. तांडेल वरून वाकून हसत होता.

ड्रायव्हरने विचारलं, हाक मारू का? मी नको म्हटलं.